गच्चीवरचं ऊन कोणाच्या वाट्याला?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी झिंगाबाई टाकळीतल्या एका चोवीस फ्लॅटच्या सोसायटीची सचिव आहे. आमच्या गच्चीवरून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि गच्चीवर राखही येऊन बसते. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे मिळून कॉमन मीटरवर महिन्याला सरासरी ८०० युनिट पडतात. बिल तेरा हजारांच्या घरात जातं. एका विक्रेत्याने २० किलोवॉट सोलर, मोठी बॅटरी आणि चार चार्जिंग पॉइंट असा १६ लाखांचा एकत्र प्रस्ताव दिला आहे. म्हणजे फ्लॅटमागे ६६ हजारांच्या वर. त्यावरून दोन सभा भांडणात गेल्या. पाच ई-स्कूटरवाले आणि एक कारवाले यांना हे उद्याच हवं आहे. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, गच्चीला भोकं पाडाल तर पाणी आमच्या घरात गळेल. चौथ्या मजल्यावरच्या आजी रात्री ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, म्हणून त्यांच्या मुलाला बॅटरी हवी आहे. तळमजल्यावर एक काकू पेन्शनवर एकट्या राहतात. सभेत त्या गप्प होत्या. नंतर जिन्यात गाठून म्हणाल्या, "मला गाडी नाही, लिफ्टही लागत नाही. पण नाही म्हटलं तर सगळे मलाच बोलतील." मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं. काय करावं?

— एक सचिव, नागपूर

उत्तर

नमस्कार ताई,

मी आधी काकूंचं घेते, कारण त्यांचा प्रश्न सुटला तर बाकीचे बरेचसे आपोआप सुटतात. त्यांचा सोलरला विरोध नाही. ज्या सोयी त्या वापरणार नाहीत त्यांच्यासाठी ६६ हजार कुठून आणायचे, एवढंच त्या विचारताहेत आणि ते रास्त आहे. सोसायटीतला सौर प्रकल्प सगळ्यांच्या सामाईक गच्चीवर उभा राहतो. त्याचा फायदा आधी गाडीवाल्यांना आणि खर्च मात्र सगळ्यांना, असं झालं तर तो सामाईक उरत नाही. म्हणून किती किलोवॉट हे ठरवण्याआधी पैसे कोण, कसे भरणार आणि बचत कोणाकडे जाणार हे ठरवा. या क्रमाने गेलात तर तिसरी सभा भांडणात जायचं कारण नाही.

१६ लाखांचा तो एकत्र प्रस्ताव बाजूला ठेवा. सोलर, चार्जिंग आणि बॅटरी हे तीन वेगळे निर्णय आहेत. तिघांचे लाभार्थी वेगळे, आयुष्य वेगळं, पैसे वसूल होण्याचा काळही वेगळा. ते एकाच कागदावर आणले की ज्याला एक हवं त्याला तिन्हींना हो म्हणावं लागतं, आणि ज्याला एक नको तो तिन्ही अडवतो. तुमच्या दोन सभांत हेच झालं.

आता २० किलोवॉटचं पाहू. कॉमन मीटरवर जोडलेलं सोलर कॉमन मीटरचंच बिल कमी करतं, फ्लॅटच्या बिलाला त्याने काही होत नाही. हे सभेत दोनदा सांगा, कारण निम्म्या लोकांच्या डोक्यात 'आपलं कूलरचं बिल शून्य होणार' असं असतं. नागपुरात १ किलोवॉटमधून वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११० युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात त्याहून बरीच कमी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. तुमचा वापर ८०० युनिट, म्हणजे ७ किलोवॉट पुरे. धूळ आणि पॅनेलचं वाढतं वय धरलं तर फार तर ८. २० किलोवॉट लावलंत तर महिन्याला २,२०० युनिट तयार होतील आणि १,४०० ग्रिडमध्ये जातील. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून बिल येतं त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात हे खरं, पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतात त्यांचा मोबदला तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. ज्या विजेची तुम्हाला गरज नाही तिच्यासाठी काकूंकडून पैसे घ्यायचे? मी तर या प्रस्तावावर सही करणार नाही.

एका गच्चीवरची वीज अनेक मीटरांच्या बिलांत वाटून घेण्याची पद्धतही असते, तिला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत २०१९ पासून त्याचे नियम आहेत. ज्याला स्वतःचं छप्पर नाही, त्याच्यासाठी याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. तुमच्या विक्रेत्याने २० किलोवॉट त्या हिशेबाने सुचवलं असेल, तर त्याच्या 'होऊन जातं मॅडम' वर जाऊ नका. महावितरणच्या तुमच्या उपविभागीय कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, आमच्या चोवीस मीटरांना ही सोय लागू होईल का असं विचारा आणि लेखी उत्तर घ्या. ते हाती आल्यावर दुसरा टप्पा ठरवता येईल. गच्चीवर त्यासाठी जागा राखून ठेवा. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात.

आता पैसे. ७ किलोवॉटला किलोवॉटमागे ५५ हजार धरले तर ३ लाख ८५ हजार होतात. तुमच्या कोटेशनमध्ये आकडा थोडा इकडेतिकडे होईल. 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे तुम्हाला १ लाख २६ हजार. घरांना मिळणारं ७८ हजारांचं कमाल अनुदान वेगळं, त्याच्याशी याची गल्लत करू नका. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पॅनेल आणि त्यातले सेलही भारतात बनलेले हवेत, विक्रेता नोंदणीकृत हवा, आणि अनुदान प्रकल्प सुरू झाल्यावर सोसायटीच्या खात्यात जमा होतं. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते.

अनुदान वजा जाता सोसायटीचा खर्च २ लाख ६० हजारांच्या आत राहतो. कोणाकडूनही वर्गणी काढू नका. तेवढं कर्ज सोसायटीच्या नावावर काढा, सहकारी बँका अशी कर्जं देतात. तीन वर्षं, १० टक्के व्याज धरलं तर हप्ता महिन्याला ८,४०० च्या आसपास येतो. बिल कमी होईल ते सुमारे १२ हजारांनी. स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून बिल शून्य होईल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मेंटेनन्स आज आहे तेवढाच ठेवा. वाचलेल्या बिलातून हप्ता जाईल आणि वर तीन-साडेतीन हजार उरतील. अनुदान येईपर्यंतचे सव्वा लाख सोसायटीच्या मुदत ठेवीतून काही महिन्यांसाठी ठराव करून वापरता येतील, पण निक्षेप निधीला हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच राहू द्या. तीन वर्षांनी कर्ज फिटलं की मेंटेनन्स कमी करा आणि तो चोवीसही फ्लॅटना सारखा कमी करा. काकूंना एक रुपया आधी न देता त्यांचा वाटा मिळतो. त्या उरलेल्या पैशातले महिन्याला हजारभर रुपये वेगळ्या खात्यात टाकत जा. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र दहाएक वर्षांत बदलावा लागतो. तेव्हा पुन्हा वर्गणीची सभा नको.

एक सोपं काम आधी करून टाका. जिन्यातले जुने दिवे एलईडी करा, आवारातल्या दिव्यांना उजाडलं की आपोआप बंद होणारा सेन्सर लावा आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह तपासून घ्या. ८०० चे ७०० युनिट झाले तर एक किलोवॉट विकतच घ्यावं लागणार नाही.

वरच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. वॉटरप्रूफिंग फोडून स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकले की दुसऱ्या पावसाळ्यात ओल येते, आणि मग विक्रेता फोन उचलत नाही. त्यांना भावनेने समजावू नका, कामाच्या अटीच बदला. स्लॅबला भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंगच्या वर काँक्रीटचे वजनदार ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करायचा, ठोकळे शक्यतो कॉलम-बीमच्या रेषेत बसवायचे, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्यायचं. आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळ येतं तेव्हा पत्रे उडतात, म्हणून वाऱ्याच्या भाराचा हिशेब त्या पत्रात असायलाच हवा. गळतीची पाच वर्षांची जबाबदारी करारात लिहून घ्या. सांगाडा माणूस खालून चालू शकेल इतका उंच घेतलात तर कुरडया-पापडांचं वाळवणही होतं आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, वरच्या मजल्याच्या स्लॅबवर थेट ऊनही पडत नाही. आज जे विरोध करताहेत त्यांनाच थंडाव्याचा फायदा सगळ्यांत आधी कळेल.

ऊन आणि उष्णता यांत फरक आहे, तोही सभेत सांगा. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतं. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते, म्हणजे भर दुपारी पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज कमी. त्यामुळे मेचा आकडा मार्चपेक्षा कमी दिसला तर पॅनेल बिघडलं असं समजू नका. गारांचीही भीती असते. प्रमाणित पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेने होते, आणि विदर्भातली एखादी गारपीट त्याहून मोठी असते. विमा घ्या, खर्च थोडाच असतो.

तुमच्या भागात राखेचा थर नेहमीच्या धुळीपेक्षा लवकर धरतो. गच्चीवर एक नळ घ्या आणि पंधरवड्यातून एकदा सूर्य वर येण्याआधी पॅनेल धुवून घ्या. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग धरतात आणि ते राखेपेक्षा चिवट असतात, म्हणून टाकीतलं नळाचं पाणी वापरा. योजनेतल्या विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते. ती कधी, कशी करणार हे कागदावर घ्या.

आता गाड्या. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्डची वायर खाली सोडून रात्रभर स्कूटर चार्ज करणं नागपुरात आता जागोजागी दिसतं. तुमच्याकडे ते चालू असेल तर आजच बंद करा. पहिला पर्याय सगळ्यांत स्वच्छ आहे. बहुतेक इमारतींत चोवीसही मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतात. तिथून ज्याच्या-त्याच्या मीटरवरून ज्याच्या-त्याच्या पार्किंगपर्यंत वायर न्यायची. चांगली तांब्याची जाड वायर, नीट अर्थिंग, करंट गळला की तत्काळ वीज तोडणारा आरसीसीबी आणि १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट. खर्च गाडीवाल्याचा, बिल गाडीवाल्याचं, सोसायटीने फक्त परवानगी आणि वायर कशी न्यायची याचा एक नियम द्यायचा. ज्यांचा मंजूर भार कमी पडेल त्यांनी वाढवून घ्यावा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर वीजग्राहक हक्क नियमांत गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचीही सोय आहे. कारवाल्यांना ती सोयीची पडेल.

जिथे वायर पोचत नाही तिथे दोन सामाईक पॉइंट द्या, चार नकोत. त्यांवर सब-मीटर लावा, आणि दर महावितरणच्या बिलात तुम्हाला युनिटमागे जो पडतो तोच ठेवा. गाडीवाले म्हणतील, वीज तर सूर्याची आहे, स्वस्त द्या. तेव्हा हा हिशेब मांडा. स्कूटर साधारण ३ युनिटमध्ये ९० किलोमीटर जाते. युनिटला पूर्ण १५ रुपये घेतले तरी किलोमीटरला ५० पैसे पडतात. पेट्रोलच्या स्कूटरला दोन रुपयांच्या वर जातात. त्यांचा फायदा तसाही भरपूर आहे. जे पॅनेल चोवीस घरांच्या पैशातून उभं राहिलं, त्याची वीज सहा जणांनी सवलतीत नेली तर उरलेले अठरा त्यांच्या गाडीचं भाडं भरत राहतील. पूर्ण दराने येणारे पैसे मेंटेनन्सच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या वॉचमनकडे किंवा कामाला येणाऱ्या मावशींकडे ई-स्कूटर असेल तर त्यांनाही त्याच दराने तिथे चार्ज करू द्या, एका पैशानेही जास्त घेऊ नका.

शक्य असेल त्यांनी दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी चार्ज करावं. नेट मीटरिंगमुळे बिलात फरक पडो न पडो, संध्याकाळी सातला प्लग लावला की ती वीज बहुतांशी कोळशाचीच असते, आणि ती राख कुठे जाते हे तुमच्या भागाइतकं कोणाला माहीत असणार? २०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखेचं पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरलं. पंप तर तुमच्या हातातच आहेत, ते रात्रीऐवजी दुपारी चालवा.

सॉकेट आणि इन्व्हर्टर कुठे बसवायचे यावर मी हट्ट धरणार आहे. बेसमेंटमध्ये नाही, पार्किंगच्या खोलगट कोपऱ्यात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या तळमजल्यांत माणूसभर पाणी शिरलं. तुमचा भाग वेगळा आहे, पण तास-दोन तासांत पडणारा तसा पाऊस वस्ती विचारून येत नाही. सॉकेट छातीच्या उंचीवर, त्याचा मेन स्विच त्याहूनही वर आणि पाणी साचलं तर कोण बंद करणार त्या माणसाचं नाव सूचना फलकावर.

उरली बॅटरी. आधी एक गैरसमज काढून टाका. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरीही. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला उलट्या दिशेने शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. म्हणजे सोलर बसवलं म्हणून लिफ्ट चालू राहणार नाही. लिफ्ट बॅटरीवर चालवायची तर मोटर सुरू होतानाचा मोठा झटका झेलणारी महागडी यंत्रणा लागते. लिफ्टमध्ये माणूस अडकू नये एवढंच हवं असेल तर लिफ्टच्या कंपनीकडून रेस्क्यू डिव्हाइस बसवून घ्या. वीज गेली की ते लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडतं. विक्रेत्याची मोठी बॅटरी तुम्हाला नको. आत्ता फक्त पुढे बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यायचा का, याचं वेगळं कोटेशन मागवा. अनुदान पॅनेलसाठी आहे, बॅटरीचा खर्च पूर्ण तुमचा असतो.

आजींसाठी मात्र सभेची वाट पाहू नका. घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ४०० वॉट घेतो, आठ तासांना ३ युनिटच्या आसपास. त्यांच्या मुलाने आजच्या आज एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवावा. वीज किती तासांपुरती जाऊ शकते याचा अंदाज घेऊन मशीनपुरता घरचा इन्व्हर्टर किती क्षमतेचा हवा हे डॉक्टर आणि इलेक्ट्रिशियन दोघांना विचारून घ्यावा. पुढे सोलरची बचत पुरेशी साठली की सोसायटीने ५ युनिट वीज साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जिन्यातले दिवे, गेट आणि तळमजल्यावरच्या ऑफिसात दोन सॉकेट एवढंच तिच्यावर. कोणाचं नेब्युलायझर, कोणाचा इन्सुलिनचा छोटा फ्रिज, आजींची मशीन, वादळी रात्री हे सगळं तिथे चालेल आणि ते चोवीसही घरांचं असेल. ती बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. जिन्याखालीही नको, कारण आग लागली तर पळायचा रस्ता तोच असतो. हवा खेळती असलेली, सावलीतली, तळमजल्यापेक्षा उंचावरची जागा बघा.

सभेला जाताना तीन विक्रेत्यांची फक्त ७ किलोवॉटची कोटेशनं, मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं आणि बँकेच्या हप्त्याचा कागद न्या. १० किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, त्यामुळे ठराव झाल्यावर फार रखडायचं कारण नाही. नेट मीटर बसेल त्या दिवशी जुन्या आणि नव्या, दोन्ही मीटरच्या रीडिंगचे फोटो काढून ठेवा. पहिल्या दोन बिलांत घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट वेगळे दाखवले आहेत का ते इन्व्हर्टरच्या आकड्यांशी जुळवून पाहा. जुळलं नाही तर तिसऱ्या बिलाची वाट न पाहता उपविभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.